कपाटाच्या दाराची गिटार

साल एकोणीसशे ब्याऐंशी. जानेवारीत दादा गेला, आणि नोव्हेंबरच्या सत्तावीस तारखेला, शनिवारी, तळ्याकाठच्या मोठ्या हॉलमधला तो कार्यक्रम झाला. या दोन तारखांच्या मधे त्याच्या घरात जे घडलं, ते ताईनं पुढे कोणालाच धड सांगितलं नाही. सांगून पटण्यातलं नव्हतं, आणि पटलं असतं तर जास्तच पंचाईत होती.

ताई म्हणजे दादाची पाठची बहीण. तेव्हा एकोणतीस वर्षांची. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती, दिवसभर डोळ्याला भिंग लावून तुटलेल्या तारांना डाख द्यायची. दादाचा बँड होता. स्वतः दादा गिटार वाजवायचा आणि गायचा, धाकटा भाऊ मागे साथीची गिटार धरायचा. ड्रम वाजवणाऱ्याला सगळे पैलवान म्हणत, कारण तो इतका किडकिडीत होता की त्याचा शर्ट वाळत घातल्यासारखा दिसे. आणि बास गिटार वाजवणारा मुनी. त्याला बोलताना फारसं कोणी ऐकलं नव्हतं. गिटारींचं सगळं बघायची ती मात्र ताई. तारा बदलणं, आतलं सुटलेलं जोडणं, खुंट्यांना तेल देणं, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे कार्यक्रमाला कोणत्या गिटारी न्यायच्या ते ठरवणं.

गिटारी घरात पाच होत्या आणि पैलवानाच्या मेटाडोरमध्ये ड्रम आणि स्पीकर चढवल्यावर जागा उरायची तीन पेट्यांची. म्हणून दर कार्यक्रमाच्या दुपारी पाचही गिटारी दादाच्या पलंगावर ओळीनं निजवल्या जायच्या, डोकी उशीकडे. ताई एकेकीवरून बोटं फिरवायची आणि प्रश्न विचारायची. हॉलमध्ये ट्यूबलाइट आहेत का? असतील तर लाल गिटार मुख्य म्हणून चालायची नाही, ट्यूबखाली ती डासासारखी गुणगुणायची. नाचाची गाणी किती? जास्त असतील तर काळी नको. आवाज भारदस्त, पण वजनानं पाच गाण्यांत खांदा उतरायचा. पिवळी एक सूर खाली लावलेली असायची, दादाचा घसा बसला की त्या गाण्यांसाठी. चौथी बारा तारांची. तिला सुरात लावता लावता लोक घरी जायचे, म्हणून ती बहुतेक घरीच राहायची.

पाचवी कपाटीण. ती दादानं स्वतः बनवली होती. घरातलं जुनं लाकडी कपाट मोडलं तेव्हा त्याच्या दारातून तिचं अंग कापलं, आणि कापताना अंदाज चुकला म्हणून किल्लीचं भोक तसंच राहिलं, बरोबर पोटाच्या वरच्या बाजूला. पैलवान म्हणायचा, "दाद्या, हिच्या आत काय कोंडून ठेवलंयस ते एकदा उघडून तरी दाखव." दादा म्हणायचा, "तुझी बुद्धी. किल्ली हरवली तिची."

दादाचा एक कडक नियम होता. दर तिसऱ्या कार्यक्रमानंतर सगळ्या तारा बदलायच्या, तुटल्या असोत वा नसोत. हाताचा घाम तारेत मुरतो, तार आतून मरते, आणि मेलेल्या तारेवर वाजवणारा स्वतःला फसवतो, असं त्याचं म्हणणं. त्या पायी घरात काटकसर झाली, पण नियम मोडला नाही.

तो नियम ताईनं मोडला. दादा कावीळ होऊन अकरा दिवसांत गेला. दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं चार गिटारींच्या तारा बदलल्या आणि कपाटिणीपाशी येऊन थांबली. तिच्या तारा मात्र दादा स्वतःच बदलायचा, या त्यानंच चढवल्या होत्या. जाड तारेवर एका जागी त्याच्या अंगठ्याच्या घामाचा काळपट डाग होता. ताईनं पक्कड खाली ठेवली. म्हणाली, राहू देत. कपाटीण पेटीत घातली आणि पेटी पलंगाखाली सरकवली.

बँड पाच महिने बंद होता. जूनमध्ये पैलवान येऊन बसला आणि आईच्या समोर म्हणाला, "धाकट्याला पुढे उभा करू. नाहीतर आम्ही ड्रम विकून भाजीची गाडी लावतो." आईनं मान हलवली. धाकटा एकवीस वर्षांचा, लाजरा. दादाच्या आड उभं राहायची सवय झालेला. वाजवायचा स्वच्छ, चारही बोटं तारांवर कोळ्यासारखी पळायची, पण कोणाच्या काळजाला हात घालावा असं त्याच्या वाजवण्यात अजून काही नव्हतं.

पहिला कार्यक्रम एका क्लबात होता. ताईनं लाल आणि पिवळी काढली. काळीच्या आतली तार तुटली होती आणि जोडायला वेळ नव्हता. तिसरी पेटी रिकामी जायला नको म्हणून तिनं कपाटीण घेतली. तेवढंच कारण. निदान तेव्हा तरी तेवढंच होतं.

चौथ्या गाण्यात लालची तार तुटली. धाकट्यानं हात मागे केला आणि ताईनं हाताला लागली ती दिली.

पहिलाच सूर लागला आणि पैलवानाची काठी चुकली. नऊ वर्षांत त्याची काठी कधी चुकली नव्हती. तो आवाज दादाचा होता. गिटारीचा आवाज सारखा असणारच, लाकूड तेच, तारा त्याच. पण दादाची एक लकब होती. त्याच्या डाव्या करंगळीचं शेवटचं पेर नव्हतं, त्यामुळे वरच्या सुरापर्यंत त्याचं बोट पोचायचं नाही. तो तिथं घसरत जायचा, खालून, जरा उशिरा, जसा कोणी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबून वर येतो तसा. लोक त्यावर जीव टाकायचे. धाकट्याची पाचही बोटं धड होती, घसरायची गरजच नव्हती. आणि तो घसरत होता. नेमका तेवढाच उशिरा.

क्लबात चमचे वाजायचे थांबले. ताई पडद्यामागे खोक्यावर बसली होती. तिला वाटलं, आपण उठून बघितलं तर तो थांबेल. म्हणून ती उठली नाही. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

त्या दिवसापासून कपाटीण कानामागून आली आणि तिखट झाली. क्लबवाल्यांनी पुन्हा बोलावलं, दुसऱ्यांनी बोलावलं, आणि जो तो सांगायचा, ती तपकिरी गिटार आणा बरं का. दर दुपारी पलंगावर पाच गिटारी निजायच्या, ताई ट्यूबलाइटचं विचारायची, गाण्यांचं विचारायची, पण ते सगळं दाखवायचं. पहिली पेटी कपाटिणीची ठरलेलीच असायची. पैलवान चिडवायचा, "ताई, परीक्षा घेतेस तर पेपर तरी फोडू नकोस." ताई हसायची. मनातून तिला ठाऊक होतं ती कशासाठी नेते ते. आठवड्यातून एकदा तासभर तिचा भाऊ तिला परत मिळत होता. कोण सोडेल?

करंगळी तिच्या लक्षात आली ती ऑगस्टमध्ये. धाकटा सकाळी चहा पीत होता आणि त्याच्या डाव्या हाताची करंगळी तळव्यात दुमडलेली होती.

"बोटाला काय झालं रे?"

"झोपलंय. उठेल."

उठलं नाही. आधी कपाटीण वाजवून झाल्यावर तासभर तसं राहायचं, मग रात्रभर, मग दोन दोन दिवस. शर्टाची बटणं लावताना, पेपर उलटताना, ती करंगळी आपली मुडपून बसलेली. ताई त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी बोट ओढून सरळ केलं, सोडलं, ते पुन्हा आत गेलं. ते म्हणाले, "हाडाला काही नाही, नसेला काही नाही. जास्त वाजवू नका." औषध म्हणून एक मलम दिलं. चोळून चोळून ताईचीच बोटं मऊ झाली.

आणखीही बारीकसारीक गोष्टी होत्या. धाकटा पावाची कड आधी खाऊ लागला. जिना चढताना कठड्यावर दोनदा टकटक करू लागला. दोन्ही दादाच्या सवयी. एक दिवस आई आतून म्हणाली, "अरे, केस कापून ये, मानेवर आलेत." मानेवर केस यायचे ते दादाचे. धाकट्याचे केस बारीक कापलेले होते. तो "जातो संध्याकाळी" म्हणाला. आई तिच्या खोलीत शांतपणे तांदूळ निवडत राहिली. तिच्या चेहऱ्यावर गेल्या आठ महिन्यांत नव्हतं असं समाधान होतं. ताई तेव्हा पहिल्यांदा घाबरली. तरी त्या शनिवारी तिनं कपाटीण नेली. आणि पुढच्या शनिवारीही.

ऑक्टोबरात एका दुपारी ती खिडकीशी बसून काळीच्या आतल्या तारेला डाख देत होती. धाकटा पलंगावर कपाटीण पोटावर घेऊन पडला होता. अँप्लिफायर लावलेला नव्हता, नुसत्या तारा वाजत होत्या, बारीक, डब्यात कोंडल्यासारख्या. वाजवता वाजवता तो सहज म्हणाला, "ताई, सायकलची चेन अजून तिथंच पडलीय का गं, मागच्या शेडमध्ये?"

ताईच्या हातातलं डाख द्यायचं यंत्र तसंच राहिलं. "कुठली चेन?"

"उलट्या सायकलीची. तू पॅडल मारलंस ती."

ही गोष्ट जगात फक्त दोघांना माहीत होती. ताई सात वर्षांची होती आणि दादा दहा वर्षांचा. तो सायकल उलटी करून चेन बसवत होता, आणि ताईनं गंमत म्हणून पॅडल फिरवलं. करंगळीचं पेर चेन आणि दात्यांच्या मधे गेलं. रक्तबंबाळ हात रुमालात धरून दादा म्हणाला होता, रडू नकोस, आईला फाटकात सापडलं म्हणून सांगू. तसंच सांगितलं. धाकटा तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

"तुला कोणी सांगितलं?" ताईनं विचारलं.

धाकटा छताकडे बघत होता. "कोण सांगणार? आईला फाटक सांगितलं आपण. तू नाही बोललीस, मीही नाही बोललो." मग त्यानं पुढची ओळ वाजवली आणि वरच्या सुराला खालून, जरा उशिरा, घसरत गेला. "त्यात काय एवढं. लहान होतीस."

ताईनं यंत्र खाली ठेवलं. यंत्राचं गरम टोक टेबलाच्या लाकडात रुतलं, धूर आला, तिला कळलंही नाही. बावीस वर्षं जी माफी तिला हवी होती, ती तिला मिळाली होती, आणि ती धाकट्याच्या तोंडून आली होती. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं, "काय म्हणालास तू आत्ता?" तर तो गोंधळून उठून बसला. "कधी? मी झोपलो होतो वाटतं."

त्या रात्री ती जागी राहिली असं नाही, झोप चांगली लागली. सकाळी उठल्यावर मात्र एक गोष्ट तिच्यापुढे लख्ख उभी होती. एका भावाचं बोट तिनं सात वर्षांची असताना घेतलं. दुसऱ्याचं ती आता घेत होती, कळत असून, शनिवारच्या शनिवार, पेटीत भरून. आणि बोटावर हे थांबणार नव्हतं.

तळ्याकाठच्या हॉलचा कार्यक्रम मुनीनं मिळवला होता असं पैलवान म्हणायचा, न बोलता कसा मिळवला ते देव जाणे. मोठा हॉल, सहाशे खुर्च्या. मुख्य म्हणजे रेकॉर्ड कंपनीचा माणूस ऐकायला येणार होता. हॉलचा मॅनेजर आठवडाभर आधी घरी येऊन गेला. जाड काचांचा चष्मा, हातात वही. तो ताईला म्हणाला, "बाई, बाकी काय आणायचं ते आणा. पण ती कपाटाची आलीच पाहिजे. मी त्या साहेबांना तिच्याच नावावर बोलावलंय."

"बघते," ताई म्हणाली.

"बघते काय? हो म्हणा."

ताईनं त्याला चहा विचारला.

सत्तावीस तारखेला दुपारी दोन वाजता पाच गिटारी पलंगावर निजल्या. पैलवान दाराला टेकून उभा, मुनी खालच्या पायरीवर, धाकटा ओसरीतल्या वेताच्या खुर्चीत. आदल्या दोन दिवसांपासून तो फार झोपत होता. बसल्या जागी मान टाकायचा.

"ट्यूबलाइट आहेत का?" ताईनं विचारलं.

"नाहीत. मोठे दिवे आहेत, स्टेजवर पिवळे," पैलवान म्हणाला. "ताई, आज हा सगळा विधी कशाला? कपाटीण, काळी, पिवळी. भर आणि चल. साडेचारला पोचायचंय."

"नाचाची गाणी किती?"

"सहा. आणि मला एकवार नाचायचंय ते तू पेट्या भरल्यावर."

"जा, दोघं चहा घेऊन या कोपऱ्यावरून. तुमच्या तोंडाकडे बघून मला सुचत नाही."

"चहा घरात नाही का?"

"घरातला संपलाय."

पैलवान कुरकुरत गेला. मुनी उठला, दारातून वळून एकदा कपाटिणीकडे बघितलं, एकदा ताईकडे, आणि पैलवानाच्या मागोमाग गेला.

ताईनं दार ओढून घेतलं. ज्याला गिटारींचं कळतं त्याला हे माहीत असतं, की कार्यक्रमाच्या दुपारी तारा बदलत नाहीत. नवी तार ताणते, दोन दिवस सुरात राहत नाही. म्हणजे आत्ता ती जे करणार होती त्याला परतीची वाट नव्हती. आज कपाटीण गेली तर जुन्या तारांसकट जाणार. जुन्या तारा काढल्या तर ती जाणारच नाही.

तिनं कपाटीण मांडीवर घेतली. एकाएकी तार तोडली तर दांडीला झटका बसतो, म्हणून आधी सैल करायची. तिनं जाड तारेची खुंटी फिरवली. एक फेरा, दोन फेरे. बोटानं तार छेडून बघितली. सूर खाली आला नव्हता. तिला वाटलं खुंटीचा दाता घसरला. नीट बघितलं, तर तार खुंटीवरून सुटत होती, डोळ्यांसमोर सुटत होती, सैल वळसा तिथं लोंबत होता. तिसरा फेरा, चौथा. सूर तोच. भरलेला, ताठ.

आतल्या खोलीतून आई म्हणाली, "उठला का गं दादा?"

ताईनं खुंटीवरचा हात काढला.

"त्याला म्हणावं, तेवढं एक वाजवून दाखव मला. जायच्या आधी."

आई वेडी नव्हती. हिशेबाला, स्वयंपाकाला, आल्यागेल्याला चोख होती. ती नुसती ऐकत होती, जसं ताई पाच महिने पडद्यामागे बसून ऐकत होती. आता तार तोडायची म्हणजे आईच्या कानातलंही तोडायचं.

"दादा नाही, आई," ती शेवटी म्हणाली. "मी आहे. तारा काढतेय."

आत तांदळाचं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "सगळ्या?"

"सगळ्या."

"मग लवकर काढ. मला ऐकवत नाही."

ताईनं पक्कड घेतली. सूर खाली येवो न येवो, ती तार तिनं खुंटीपाशी धरली आणि दाबली. झटका बसला नाही. तार तुटली ती अगदी हलकी, कापलेल्या नखासारखी. दुसरी तोडली. तिसरी. प्रत्येक तारेबरोबर खोलीतली एकेक गोष्ट ऐकू येऊ लागली, जी तिनं कित्येक दिवसांत ऐकली नव्हती. नळाचं टपटपणं, रस्त्यावरची भंगारवाल्याची हाक, घड्याळ. पाचवी तोडताना तिला रडू आलं आणि पक्कड दोनदा चुकली. दादाला काही सांगायचं असेल तर ते याच वेळी, असं वाटून ती थांबली. सांगण्यासारखं एकच होतं. "मी पॅडल मारायला नको होतं," ती किल्लीच्या भोकापाशी तोंड नेऊन म्हणाली, आणि सहावी तोडली.

उठून तिनं दार उघडलं. धाकटा ओसरीत तसाच झोपला होता, मान एका बाजूला, डावा हात खुर्चीच्या हातावर. तिच्या देखत त्याची करंगळी हलली. आधी थरथरली, मग दुमडलेला कागद आपोआप उलगडतो तशी हळूहळू बाहेर आली, पूर्ण सरळ झाली आणि तिथं पडून राहिली. त्याचं तोंड वेदनेनं वाकडं झालं. तो जागा झाला.

"ताई, बोट फार दुखतंय गं."

"दुखू दे," ताई म्हणाली आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसून ते बोट दोन्ही हातांत धरलं. ते बर्फासारखं गार होतं. गरम व्हायला पाव तास लागला.

पैलवान आला आणि पलंगावरची कपाटीण बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "हे काय? ताई, हे काय केलंस? आजच्या दिवशी?"

"लाल, काळी आणि पिवळी," ताई म्हणाली. "पेट्या उचल."

"अगं, तो माणूस कशासाठी येतोय? आपण पोटासाठी वाजवतो, तू घरबसल्या धोंडा घातलास की पायावर."

"धोंडा माझा, पाय माझा. उचल."

"तुझा कसा? चौघांचा आहे." मग तो धाकट्याकडे वळला. "तू बोल की काहीतरी. तुझा कार्यक्रम आहे."

धाकटा पलंगाजवळ उभा होता. बिनतारेची कपाटीण त्यानं एकदा बघितली, परक्याचं सामान बघावं तशी. मग लाल उचलली आणि चारही बोटं एकदा वरखाली पळवली. करंगळी अडखळली, मागे राहिली, पण आली. "लाल चालेल," तो म्हणाला. "ट्यूबलाइट नाहीत ना."

मुनीनं दोन पेट्या उचलल्या.

कार्यक्रम पडला. उगाच रंगवून सांगण्यात अर्थ नाही. धाकटा सुरात होता, तालात होता, करंगळी दुखत असून त्यानं वरचे सूर सरळ घेतले, स्वतःचे. पण लोक दुसरंच काही ऐकायला आले होते. तिसऱ्या गाण्यापासून खुर्च्या सरकायला लागल्या. पहिल्या रांगेतले रेकॉर्ड कंपनीचे साहेब मध्यंतरात निघून गेले. मॅनेजर पडद्यामागे आला, चष्मा पुसत ताईला म्हणाला, "बाई, तुम्ही मला तोंडघशी पाडलंत," आणि वही काखेत मारून गेला. त्यानं पुन्हा कधी बोलावलं नाही.

सामान भरायला घेतलं. पैलवान झांजा पिशवीत कोंबत होता, जणू त्यांनीच घात केला. तेवढ्यात मुनी बास गिटारीची पेटी बंद करता करता म्हणाला, "पाच महिने स्टेजवर आपण चौघं वाजवत होतो."

सगळे थांबले. त्याचा आवाज तिथल्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच ऐकला.

"आज तिघंच होतो," मुनी म्हणाला. "बरं वाटलं." आणि त्यानं पेटीची कडी लावली.

पैलवानानं त्याच्याकडे बघितलं, मग ताईकडे, आणि झांजांची पिशवी सावकाश खाली ठेवली. परतीच्या वाटेवर त्यानं गाडी नेहमीपेक्षा जपून चालवली.

बँड पुढच्या उन्हाळ्यात मोडला. पैलवानानं मेटाडोर ठेवली, ड्रम विकले. गाडी चालवायला शिकवायची शाळा काढली आणि अर्धं गाव त्याच्या हाताखालून रस्त्यावर आलं. म्हातारपणी तो खरोखर जाडा झाला आणि नाव शोभायला लागलं म्हणून खूश असे. मुनी एका छापखान्यात लागला, तिथंच निवृत्त झाला. त्याच्या बायकोनं ताईला एकदा सांगितलं, घरी तो भरपूर बोलतो, कोणी ऐकत नाही एवढंच.

हॉलच्या मॅनेजरचं पुढे काय झालं ते माहीत नाही. तो हॉल पाडून तिथं दुकानं झाली.

आईनं त्या दुपारनंतर कपाटिणीचं नाव काढलं नाही. धाकट्याला ती त्याच्याच नावानं हाक मारू लागली, आणि सहा वर्षांनी गेली तेव्हा तिचा हात त्याच्या हातात होता.

धाकट्यानं दोन वर्षं गिटारीला हात लावला नाही. मग दुसऱ्या शहरात गेला, आधी शाळेत गाणं शिकवलं, मग रात्रीच्या कार्यक्रमांत इतरांच्या मागे वाजवू लागला. पुढे उभा तो कधीच राहिला नाही. पण वादकांना वादक ओळखतात. वरचा सूर सरळ आणि स्वच्छ लागावा तर त्याच्यासारखा, असं म्हणायचे. त्या पाच महिन्यांतलं त्याला फारसं आठवत नाही. तो सांगतो, त्या वर्षी मी आजारी होतो.

बारातारी, लाल आणि पिवळी त्याच्याबरोबर गेल्या, काळी पैलवानाच्या मुलानं नेली. कपाटीण ताईनं कोणाला दिली नाही आणि तिला तारा कधी चढवल्या नाहीत.

ताई त्याच घरात राहिली. दुकान बंद झाल्यावर घरीच दुरुस्त्या करायची, डोळे गेले तेव्हा थांबली. दादाचा चेहरा तिला अजून स्पष्ट दिसतो, त्याचा शर्ट, त्याची चालसुद्धा. आवाज मात्र तारा तोडल्या त्या दुपारपासून आठवत नाही. कधी कोणाच्या घरी दादा असतानाची बँडची जुनी कॅसेट निघते, माणसं मोठ्या कौतुकानं लावतात आणि तिला बोलावतात. ती जाते, शेवटपर्यंत बसून ऐकते, आणि त्यात तिला धाकटा ऐकू येतो, पैलवान ऐकू येतो, मुनी ऐकू येतो. पुढे जो वाजवतो तो कोण, ते तिला ओळखता येत नाही.